मुकं दार : गाडीचे स्पीकर घरच्या घरी बदलताना

माठ विकत घेताना आपण तो बोटाच्या पेराने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर नीट भाजलेला, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. हीच परीक्षा एकदा आपल्या गाडीच्या दाराची करून पाहा. पुढच्या दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर, हँडलच्या जरा खाली, टकटक करा. बऱ्याच गाड्यांचा पत्रा 'टण्ण' करेल. माठाच्या दुकानात या आवाजावर आपण खूश झालो असतो. ज्या दारात स्पीकर बसवायचा आहे, त्याने मात्र असं वाजू नये.

हे मला उशिरा कळलं. माझ्या छोट्या गाडीत कंपनीने दिलेले दोन स्पीकर होते. गाण्याचे शब्द ऐकू यायचे, तबल्यातली चाटी ऐकू यायची, पण डग्गा गायब. मग मी बाजारातून साडेसहा इंची, चांगल्या किमतीचे स्पीकर आणले, एका रविवारी दुपारी बसवले आणि मोठ्या आशेने गाणं लावलं. झांजा आता लख्ख वाजत होत्या. डग्गा होता त्याहून दूर गेला होता. नवे स्पीकर सदोष असणार, या खात्रीने मी एका जुन्या फिटरकडे गेलो. कॅसेटच्या काळापासून गाड्यांना टेप बसवण्यात हात मुरलेला माणूस. त्याने गाणं ऐकलंच नाही. दारावर बोटाने दोनदा टकटक केली आणि म्हणाला, "साहेब, स्पीकर चांगलाय. दार फुटकं आहे तुमचं."

हे प्रकरण त्या एका वाक्याचा अर्थ सांगण्यासाठी आहे. स्पीकर बदलणं हे तासा-दोन तासांचं, घरी करता येण्याजोगं काम आहे. पण आपण स्पीकर विकत आणतो तेव्हा निम्मंच वाद्य विकत आणतो. उरलेलं निम्मं गाडीच्या दारात आधीपासून असतं, आणि ते आपल्यालाच दुरुस्त करून घ्यावं लागतं.

स्पीकरच्या पोटात

आजचा कुठलाही साधा स्पीकर ज्या रचनेवर चालतो, तिला नीट रूप दिलं ते अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी, १९२५ च्या सुमारास. शंभर वर्षांत चुंबक बदलले, कागदाच्या जोडीला प्लॅस्टिक आलं, पण गाभा तोच आहे. शंकूच्या आकाराचा हलका पडदा, ज्याला सगळे 'कोन' म्हणतात. त्याच्या मागच्या टोकाला बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. ही कॉइल लोहचुंबकाच्या अरुंद फटीत, कुठेही न घासता तरंगत असते. टेपमधून येणारा प्रवाह दिशा बदलतो तशी कॉइल पुढे-मागे ओढली-ढकलली जाते, तिच्यासोबत कोन, आणि कोनासोबत हवा. सेकंदाला शंभर वेळा हा प्रवास झाला की आपण शंभर हर्ट्झचा खर्जाकडचा सूर ऐकतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, आणि नेमक्या त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे प्रत्येक स्पीकर एकाच वेळी दोन आवाज काढतो, एक समोर आणि एक मागे, आणि ते एकमेकांच्या बरोबर उलटे असतात. हे दोन आवाज एकमेकांना भेटले तर एकाची बेरीज आणि दुसऱ्याची वजाबाकी होऊन हाती शून्य येतं.

सगळ्या सुरांचं असं होत नाही. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर हर्ट्झच्या सुराची एक लाट त्यामुळे जवळजवळ ३.४ मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेला स्पीकरच्या कडेला वळसा घालून मागून पुढे यायचं वीतभर अंतर म्हणजे काहीच नाही. ती सहज पुढे येते आणि समोरच्या लाटेला खाऊन टाकते. तीन हजार हर्ट्झच्या सुराची लाट मात्र जेमतेम ११ सेंटिमीटरची असते. तिच्या बाबतीत ही वजाबाकी नीट जुळत नाही. म्हणून उघड्या स्पीकरमधून झांज ऐकू येते आणि डग्गा नाहीसा होतो. माझ्या गाडीत झालं होतं ते हेच.

खात्री करून घ्यायची असेल तर नवा स्पीकर दारात बसवण्याआधी हातात धरून, हळू आवाजात एखादं गाणं वाजवा. पत्र्याच्या डब्यासारखा किरटा आवाज येईल. मग एका मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट दाबून धरा. डग्गा परत येईल. स्पीकर तोच, टेप तोच. मधे फक्त पुढच्या आणि मागच्या हवेची ताटातूट करणारी एक भिंत आली.

गाडीत ही भिंत व्हायचं काम दाराचं. जुन्या लोकांना कुर्ल्याच्या कारखान्यातून येणाऱ्या फियाट, म्हणजे नंतरच्या पद्मिनी आठवत असतील. त्यांत हौशी मालक मागच्या सीटमागच्या फळीवर मोठे अंडाकृती स्पीकर बसवून घ्यायचे. त्यांचा ठोका भरदार लागायचा, कारण फळीखाली अख्खी डिकी होती. मागचा आवाज तिच्यात बराचसा कोंडला जायचा. दाराला डिकीसारखी बंद पोकळी नसते. त्याच्या आतल्या पत्र्याला काच आणि कुलपाची दुरुस्ती करता यावी म्हणून हात जाईल एवढाली भोकं ठेवलेली असतात, आणि त्यांवर फक्त एक प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. फिटरच्या भाषेत दार 'फुटकं' असतं ते असं.

खोक्यावरचे आकडे

दुकानात गेलं की खोक्यावर मोठ्या अक्षरांत '३०० वॅट' दिसतं. या आकड्याने भुलू नका. तुमचा टेप किती ताकद देतो, ते आधी बघा.

गाडी चालू असताना बॅटरीच्या तारांवर साधारण १४ व्होल्ट असतात. आतला अँप्लिफायर फार तर तेवढ्याच व्होल्टपर्यंत झोका घेऊ शकतो. शुद्ध सुराच्या हिशेबाने हे सरासरी १० व्होल्ट होतात. गाडीचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो, म्हणजे १० गुणिले १० भागिले ४, एकूण २५ वॅट. वाटेतली गळती वजा करता हातात वीसच्या आसपास वॅट येतात. मग टेपवर '५० वॅट × ४' कुठून येतं? आवाज इतका वाढवायचा की सुराची गोल लाट वरून-खालून कापली जाऊन चौकोनी व्हावी, आणि मग मोजायचं. १४ गुणिले १४ भागिले ४ म्हणजे ४९. आकडा खोटा नाही, पण त्या ताकदीवर गाणं ऐकता येत नाही. घरातले स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात आणि गाडीतले ४ ओहमचे, त्याचं कारणही या हिशेबात आहे. एवढ्याच व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला निम्मीच ताकद मिळाली असती.

म्हणून खोक्यावर शोधायचा आकडा म्हणजे 'सेन्सिटिव्हिटी', एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकदीचा फरक. ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये जेवढं बोलतो, तेवढं बोलायला ८६ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट लागतात. वेगळा अँप्लिफायर बसवणार नसाल तर कमी वॅटचा पण जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घ्या. काही कंपन्या एका वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर हा आकडा देतात. ४ ओहमच्या स्पीकरला त्यात दोन वॅट मिळतात, म्हणून तीन डेसिबल वजा करून मग तुलना करा.

दुसरी निवड रचनेची. 'कोअ‍ॅक्सियल' स्पीकरमध्ये मोठ्या कोनाच्या मधोमध छोटा ट्वीटर बसवलेला असतो. 'कंपोनंट' संचात ट्वीटर वेगळा असतो आणि तो आरशाजवळच्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डवर लावतात. दारातला स्पीकर पायाशी गातो. ट्वीटर वर आला की गाणारा माणूस समोर उभा राहिल्यासारखा वाटतो. पण त्यासाठी वायर वर न्यावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्याने कोअ‍ॅक्सियल घ्यावेत.

तिसरी गोष्ट खोली. साडेसहा इंची म्हणजे सुमारे १६५ मिलिमीटरची चौकट, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मागचा चुंबक किती खोल जातो, हे बघायचं राहून जातं. दारात स्पीकरच्या मागेच काच उतरते. काच पूर्ण खाली घेऊन, आतल्या पत्र्यापासून तिच्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि मगच दुकानात जा.

कंपनीच्या स्पीकरबद्दलही एक शब्द. त्याचा कोन कागदाचा असतो म्हणून त्याला नाक मुरडू नये. कागद हलका असतो, स्वतः फारसा गुणगुणत नाही, आणि महागड्या घरगुती स्पीकरांतही तो असतो. तडजोड असते ती लहान चुंबकात, प्लॅस्टिकच्या चौकटीत आणि पुष्कळदा नसलेल्या ट्वीटरमध्ये.

दार उघडताना

किल्ली काढून घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. पॉवर विंडो असेल तर बॅटरी सोडवण्याआधी काच पूर्ण वर घ्या.

दाराच्या आतलं आवरण, ज्याला गॅरेजमध्ये 'डोअर पॅड' म्हणतात, ते दोन गोष्टींवर टिकलेलं असतं. काही स्क्रू आणि कडेने लावलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा. स्क्रू लपवलेले असतात. दार ओढायच्या मुठीच्या तळाशी, आतल्या हँडलच्या मागच्या छोट्या झाकणाखाली, आरशाजवळच्या त्रिकोणी तुकड्यामागे शोधा. पॅड ओढून निघत नसेल तर आणखी एक स्क्रू राहिला आहे असं समजा. जोर लावणं हे उत्तर नाही.

काच फिरवायची दांडी हाताची असेल तर ती घोड्याच्या नालेच्या आकाराच्या तारेच्या क्लिपने अडकलेली असते, आणि ती क्लिप कुठूनच दिसत नाही. यावर गॅरेजमधली युक्ती फडक्याची. जुन्या सुती कापडाची पट्टी दांडीमागे घाला आणि बूट पुसतात तशी दोन्ही हातांनी इकडून-तिकडे ओढा. कापड क्लिपला पकडतं आणि ती टपकन बाहेर येते. एक हात समोर धरा, नाहीतर तिला शोधण्यात दुपार जाईल.

क्लिपांसाठी स्टीलचा डिसमिस वापरू नका, रंग खरवडतो. प्लॅस्टिकची पट्टी खालच्या कडेतून घालून एकेक क्लिप सुटी करा. दोन-तीन क्लिपा मोडतीलच, म्हणून पुण्याच्या नाना पेठेत किंवा जवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आधीच मूठभर घेऊन ठेवा. पॅड सुटलं की लगेच दूर ओढू नका. मागे काचेच्या बटणांची वायर आणि हँडलची तार असते.

पॅडमागे तो प्लॅस्टिकचा कागद दिसेल. तो फाडू नका. पावसाचं पाणी काचेच्या रबराजवळून दारात शिरतंच, दार त्यासाठीच बनवलेलं असतं. पाणी आतल्या बाजूने ओघळतं आणि तळाच्या छोट्या भोकांतून रस्त्यावर पडतं. हा कागद त्याला पॅडकडे येऊ देत नाही. तो फाटला किंवा त्याचा काळा चिकट गोंद धुळीने सुटला, तर कोकणातल्या पहिल्याच पावसात पायाखालचं मॅटिंग ओलं होतं, आणि आपण छताला दोष देत बसतो.

वायरी आणि दिशा

जुना स्पीकर काढण्याआधी त्याच्या 'अधिक' टोकाला जाणाऱ्या वायरीला चिकटपट्टीची खूण करा. कंपनीच्या वायरींचे रंग प्रत्येक गाडीत वेगळे असतात, म्हणून रंगावर विसंबू नका. स्पीकर स्क्रूवर असेल तर सरळ निघेल. रिव्हेटवर असेल तर ड्रिलने रिव्हेटचं डोकं उडवावं लागेल. लोखंडाचा कीस चुंबकाकडे धावतो, म्हणून नवा स्पीकर तोवर खोक्यातच ठेवा.

कंपनीची वायर कापू नका. तुमच्या गाडीसाठी मिळणारा कपलर आणा. एका बाजूला गाडीचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला नव्या स्पीकरच्या पट्ट्या. वॉरंटीचा वाद टळतो आणि पुढे जुने स्पीकर परत लावता येतात. नव्या स्पीकरची रुंद पट्टी बहुधा अधिक असते, अरुंद उणे.

खूण करायची राहिली असेल तर दीड व्होल्टचा सेल घ्या आणि नव्या स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. कोन बाहेर उचलला तर सेलचा अधिक ज्या पट्टीवर, ती अधिक. हे एवढं महत्त्वाचं का, तर डाव्या दाराचा कोन बाहेर जाताना उजव्याचा आत गेला, तर पुन्हा तीच वजाबाकी. दोन्ही स्पीकर सुरेख, दोन्ही दारं सीलबंद, तरी डग्गा नाही. शंका आली तर एकाच दारातल्या दोन वायरींची अदलाबदल करून ऐका. ज्या जोडणीत ठोका भरदार, ती बरोबर.

दोन खबरदाऱ्या. स्पीकरची उणे वायर गाडीच्या पत्र्याला कधीही जोडू नका. आजच्या टेपच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं, आणि पत्र्याला टेकली की आतली आयसी जळू शकते. आणि एकाच वायरीवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ते २ ओहमचे होतात. टेप तापून बंद पडतो.

दार मुकं करणं

मिरजेत तंबोरा बनवणारा कारागीर पंढरपूर भागातून आलेल्या वाळलेल्या भोपळ्यांच्या ढिगातून एकेक उचलून बघतो. तारेची थरथर भोपळ्याने आपलीशी करून बोलावं, हेच त्याला हवं असतं. स्पीकरचं उलटं आहे. गाणारा वेगळा, वाजवणारा वेगळा, आणि दोघांनी आपापला भोपळा आधीच आणलेला आहे. दाराने त्यात आपला सूर मिसळला तर प्रत्येक गाण्यात तोच एक 'टण्ण' ऐकू येतो. म्हणून आपल्याला भोपळा नको, भिंत हवी.

यासाठी बाजारात ब्युटाइल रबराच्या चिकट शीट मिळतात, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेल्या. पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं-दाबलं जातं आणि थरथरीची ताकद थोड्याशा उष्णतेत विरून जाते. अख्खं दार मढवायची गरज नाही. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, स्पीकरच्या बरोबर मागे आणि मधल्या मोकळ्या भागात, साधारण तिसरा हिस्सा झाकला तरी पुरतं. उगाच जाड थर दिला तर बिजागरीवर वजन वाढतं. पत्रा आधी स्पिरिटने पुसा, शीट हाताच्या रोलरने घट्ट दाबा. गच्चीच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून वापरू नका. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ती वितळते आणि तिचा वास महिनोन् महिने जात नाही.

मग आतल्या पत्र्यावरची भोकं. लहान भोकांवर तीच शीट चालते. मोठ्या भोकांवर पातळ अ‍ॅल्युमिनियम किंवा कडक प्लॅस्टिकचा तुकडा लावून कडा शीटने बंद करा, पण उद्या काचेची मोटर बिघडली तर तो काढता यायला हवा. तळाची पाणी जायची भोकं मात्र कधीही बुजवू नका. काही गाड्यांच्या पुढच्या दारात बाजूची धडक ओळखणारा सेन्सर असतो, तो दारातल्या हवेचा दाब मोजून एअरबॅगला इशारा देतो. अशा दाराची पोकळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय बदलू नये.

शेवटी स्पीकर आणि पत्रा यांच्यातली रिंग. कंपनीचा स्पीकर खास आकाराचा असल्याने नव्याला बहुधा रिंग लागतेच. एमडीएफची रिंग सुतार पटकन कापून देतो, पण दारात पाणी खेळतं आणि एमडीएफ दोन पावसाळ्यांत फुगतो. प्लॅस्टिकची रिंग घ्या. रिंग आणि पत्रा, रिंग आणि स्पीकर, अशा दोन्ही सांध्यांत फोमची पट्टी लावा. बोटभर फटसुद्धा मागच्या हवेला पुढे यायला पुरेशी असते. पॅड लावण्याआधी काच वर-खाली करून बघा, गाणं वाजवून बघा, आणि मगच क्लिपा दाबा.

मी हे सगळं दुसऱ्या खेपेला केलं. स्पीकर तेच ठेवले. डग्गा आला, आणि तो आल्यावर दाराच्या खिशातली चिल्लर, टोलच्या पावत्या आणि पाण्याची बाटलीही ठेका धरू लागली. खिसा रिकामा केल्यावर तेही थांबलं. संध्याकाळी आईला घेऊन बाजारात निघालो. मुद्दाम तबल्याची साथ ठळक ऐकू येणारी एक गाणं लावून ठेवलं होतं. आई बसली, दार ओढून घेतलं, आणि नेहमीच्या 'टण्ण' ऐवजी 'धप्प' आवाज आला. तिने हँडलकडे बघत विचारलं, "अरे, दार नीट लागलं नाही वाटतं?"